तीन नंबरचा माग

सोलापूर
१९ जानेवारी २०२५

उत्कर्षा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. दहा वर्षांत एकमेकांना साध्या दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या नाहीत, आता एकदम प्रिय कशाला.

पत्ता तुझ्या आईकडून घेतला. वैजयंती काकू नवी पेठेत भेटल्या, ब्लाउजपीस बघत होत्या. "तिचा फोन मलाच लागत नाही रे, तू आपलं पत्र टाक," म्हणाल्या. इन्स्टावर मी तुला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा 'टीम उत्कर्षा'कडून जोडलेले हात आले. म्हणून हे पोस्टानं बेंगळुरूला. मी यज्ञेश्वर. आपल्या 'उडता धोटा' बँडमध्ये गिटार बडवायचो. आठवत असेन तर पुढं वाच.

तुझी ती मुलाखत बघितली. दीड तास बसून सगळी बघितली. मरत चाललेल्या शहरातलं पंक, बंद गिरणीच्या चिमण्या, मागाच्या खडखडाटातून आलेला राग, छान बोललीस. आमच्या मागांच्या शेडमध्ये तू डासांवरून जितकी ओरडायचीस तितकी गाण्यातही ओरडत नव्हतीस, ते मात्र सांगितलं नाहीस. असो. गिऱ्हाईक बघून माल दाखवावा लागतो, आम्ही टॉवेलवाल्यांनी तुला काय शिकवायचं.

माझं काम बावन्नाव्या मिनिटाशी आहे. पुण्याच्या स्पर्धेत आपला ड्रमर चन्नवीर दारू पिऊन आला, गाणं एकीकडं आणि ड्रम दुसरीकडं, आणि तू त्याला परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला बँडमधून काढलंस, हा तो किस्सा. मुलाखत घेणारा मांडी थोपटून हसला. तेवढाच तुकडा कुणीतरी कापून, वर हसरे चेहरे चिकटवून सोडलाय. चन्नवीरच्या भाच्यानं तो त्यांच्या गावी, मैंदर्गीत, बघितला आणि अख्ख्या गल्लीला दाखवला. निंगव्वाला, म्हणजे त्याच्या आईला, मराठी धड कळत नाही. तिला पोरांनी कन्नडमधून समजावून सांगितला.

तेवढा तुकडा काढून टाक. एवढंच मागणं आहे.

यज्ञेश्वर


२३ फेब्रुवारी

उत्कर्षा,

तुझ्या टीमकडून पाकीट आलं. आत एक स्टिकर, एक छापील आभारपत्र आणि खाली तुझी सही, तीही छापील. स्टिकर मी मागाला लावलाय. तुकडा अजून तिथंच आहे. आता चार लाख लोकांनी बघितलाय.

मागाला म्हणजे तीन नंबरच्या. आठांपैकी दोनच उरलेत, सहा भंगारात गेले. बाबा खुर्ची टाकून बघत बसले होते. भंगारवाल्यानं घण घातला की मान हलवायचे, जणू कुणी गाण्याला दाद देतंय. आता ते बोलत नाहीत फारसं. आजोबांचं बरं होतं. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली तरी सकाळी पावणेसातला डबा मागायचे. त्यावर आपण गाणं केलं होतं: 'भोंगा मेला, आजोबा उठला, डबा कुणाचा भरू गं.' तू ते गाताना आजोबा दारात उभे राहिले आणि खूश झाले, आपलं नाव गाण्यात आलं म्हणून.

तुझ्या मामेभावाच्या पेनड्राइव्हमधून सगळं सुरू झालं, नाही का? विलायतेतल्या कुठल्याशा कारखान्याच्या गावातल्या पोरांची गाणी. इंग्रजीचं एक अक्षर कळलं नव्हतं आपल्याला, पण कारखाना बंद पडलाय हे लगेच कळलं. तुला वाटलं, हे आपल्याला जमेल. मला तीन कॉर्ड येत होत्या. आणि चन्नवीर आमच्याकडे जॉबर म्हणून नवीन लागला होता. मुलाखतीत तू त्याला 'मिल वर्कर' म्हणालीस. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर गं. माग बिघडला की त्यालाच हाक. त्यानं तेलाचे डबे पालथे घालून जो ठोका धरला, तो ऐकून तूच उडी मारली होतीस.

बाबा माग बंद ठेवू देत नव्हते, म्हणून आपण चालू मागांमध्येच सराव करायचो. ड्रम तीन नंबरला टेकून. बोलणं सगळं ओठांवर आणि हातवाऱ्यांवर, शेडमधल्या कामगारांसारखं. पुण्याचा तो परीक्षक म्हणाला होता ना, तुमच्या सगळ्या गाण्यांचा वेग एकच का? तू त्याच्यावर किती चिडली होतीस.

एक गोष्ट या पत्रात लिहायचीच असं ठरवून बसलोय. तो दारू प्यायलाय हे तुला कुणी सांगितलं? स्टेजवर माईक ओढून "आमचा डॉक्टर आज फुल्ल आहे" असं कोण म्हणालं? मी. लोक हसले, आपली लाज राहिली, तू त्यावर विश्वास ठेवलास. तो प्यायला नव्हता. तो कधीच पीत नव्हता. गळ्यात लिंग घालणारा माणूस, आपल्या चहाच्या कपाचाही आधी वास घेऊन बघायचा.

मग काय झालं होतं, ते पुढच्या वेळी लिहीन.

यज्ञेश्वर


१६ मार्च

उत्कर्षा,

तुझा निरोप मिळाला. तुझा स्वतःचा, टीमचा नाही, हे 'काय झालं होतं मग? सांग' मधल्या घाईवरून ओळखलं. सांगतो.

चन्नवीरला ऐकू येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. थोडंफार यायचं, ते दर वर्षी कमी होत गेलं. चौदाव्या वर्षापासून मागात, दुसरं काय होणार.

आपल्याला कळलं कसं नाही, असं तू विचारशील. कळणार कसं? चालू शेडमध्ये कुणालाच ऐकू येत नाही. तिथं सगळेच ओठ वाचतात. तिथं तो तुझ्यामाझ्यापेक्षा हुशार होता, चार माग पलीकडून तू मला काय शिवी दिलीस तेही सांगायचा. शेडबाहेर तो बोलायचा नाही, तर आपण म्हणायचो, शिष्ट आहे. मागातला बिघाड तो तळहातानं ओळखायचा, चौकटीवर हात ठेवून. आणि ड्रम वाजवताना चपला काढायचा. तू त्याची चेष्टा करायचीस, देवळात बसलाय का म्हणून. तीन नंबरचा ठोका फरशीतून त्याच्या पायात यायचा, मिनिटाला एकशेवीस. आपली सगळी गाणी त्याच वेगात होती, कारण तो माग त्याच वेगात चालायचा. आपण त्याच्या मागं जात होतो आणि तो मागाच्या मागं.

मला कळलं ते वीज गेल्यामुळं. दुसऱ्या पाळीत लाइट गेली, आठही माग थांबले. तो पाठमोरा बसून काठ्या पुसत होता. मी हाक मारली. "चन्ना." परत मारली. तिसऱ्यांदा इतक्या जोरात मारली की शेजारच्या कारखान्यातून कुणीतरी ओ दिली. तो काठ्या पुसत राहिला. मग वळला, माझं तोंड बघितलं आणि समजला. ही पुण्याच्या चार महिने आधीची गोष्ट.

मला माहीत होतं उत्कर्षा. माहीत असून मी त्याला नेला. नव्या सिमेंटच्या स्टेजवर, वर जाड गालिचा, आणि खाली माग नाही. मला ती स्पर्धा हवी होती. तुझ्याइतकीच हवी होती, फक्त तू ते तोंडानं म्हणायचीस.

त्याला बिचाऱ्याला लाज वाटायची म्हणून तो कुणाला सांगत नसे. पण ही काय लाजायची गोष्ट आहे का? आज लोकांनी दारुडा म्हणून हसायचं आणि त्यानं मान खाली घालून गल्लीतून जायचं, हे मला बघवत नाही. तुझं लोक ऐकतात. खरं काय ते तू सांग. माझं नाव घेऊन सांग, खोटं मी बोललो म्हणून सांग. माझी हरकत नाही.

दहा वर्षांनी आज पोटभर जेवलो. अम्मा विचारत होती, काय झालं रे आज.

यज्ञेश्वर


९ एप्रिल

प्रिय उत्कर्षा,

तुझा नवा व्हिडिओ बघितला! तीनदा बघितला. तू चपला काढून जमिनीवर पाय ठेवून बसलीस तेव्हा मी रडलो, खोटं कशाला बोलू. 'आमचा चन्नवीर पायांनी ऐकायचा आणि मी त्याला दारुडा म्हटलं.' माफी मागितलीस. माझं नाव मात्र घेतलं नाहीस, 'कुणीतरी मला सांगितलं' एवढंच म्हणालीस. वाचवलंस मला, की घाईत राहून गेलं?

दोन दिवसांत नऊ लाख. आमच्या चौकातला पानवालासुद्धा म्हणतो, तुमचा जॉबर टीव्हीवर येणार म्हणे. मी चन्नवीरला मेसेज केलाय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. लाजला असेल. रविवारी जातो त्याच्याकडे पेढे घेऊन.

तुझ्या टीमची मेल आली. शेडमध्ये शूटिंग करायचंय, तीन नंबरचा माग चालू ठेवून, आपण तिघं. ये. माग तोवर ठेवतो. भंगारवाल्याला थांबायला सांगितलंय.

तुझा
यज्ञेश्वर


२१ एप्रिल

उत्कर्षा,

तो व्हिडिओ काढून टाक. आजच. कारण नंतर लिहितो.

य.


४ मे

उत्कर्षा,

'आता काढून काय उपयोग, सगळीकडे पसरलाय' हे तुझं म्हणणं वाचलं. बरोबर आहे. शूटिंगची तारीखही वाचली. येऊ नका. का, ते लिहितो. घाम टपकून कागद ओला होतोय, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

आमच्या इथून सुटल्यावर चन्नवीर एका मोठ्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. नाव लिहीत नाही. सात वर्षं. पुढचं मला पेढे घेऊन गेलो तेव्हा कळलं. शेठच्या मुलानं तुझा व्हिडिओ बघितला, तोही रडला म्हणे. दुसऱ्या दिवशी चन्नवीरला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, सगळा स्टाफ जमवला. शाल, श्रीफळ, फेटा. फोटो काढले. मग बाकीचे गेल्यावर हळूच सांगितलं, मशिनवर ठेवणं आता आम्हाला परवडणार नाही, उद्या काही कमीजास्त झालं तर कायद्यात आम्ही अडकू, सगळ्यांना माहीत झालंय आता. घरी आराम करा. चन्नवीर म्हणतो, तो पोरगा मनापासून बोलत होता, ओठ थरथरत होते त्याचे.

आमच्याकडे माणसाला काढायचीसुद्धा रीत आहे, बघ. आधी सत्कार करायचा.

त्यानंतर तो आणखी चार ठिकाणी जाऊन आला. चौघांनीही फोनवर त्यालाच तो व्हिडिओ दाखवला. 'तुम्हीच ना हे?' म्हणून कौतुक केलं, चहा पाजला. दारुडा जॉबर कुठंही चालतो, उत्कर्षा. सोलापुरात निम्मे तसलेच आहेत, मालक त्यांना घरातून उठवून आणतात. पण जॉबरला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याच्या हातात माग कुणी देत नाही. त्याचा तळहात कानापेक्षा चांगला आहे हे सांगायला जावं, तर लोक हात जोडून नमस्कार करतात.

हे सगळं त्याला आधीच माहीत होतं. आणि मलाही माहीत होतं. मार्चच्या पत्रात मी 'त्याला लाज वाटायची' असं लिहिलं, ते खोटं. लाइट गेली होती त्या दिवशी त्यानं माझा हात धरून सांगितलं होतं, "ही गोष्ट भायेर गेली तर माझं पोट जातंय. तुज्या मार्कंडेय देवाची शपथ घे." मी घेतली. टेंभुर्णीला तू त्याला काढलंस आणि रागानं बसमध्ये जाऊन बसलीस. त्या वेळी तो टपरीमागं मला काय म्हणाला, सांगू? "बरं केलंस दारूचं बोललास. दारू चालतीय. हेच ऱ्हाऊ दे." तो माझ्यावर चिडला नव्हता. त्यानं ते खोटं घेतलं आणि दहा वर्षं अंगावर वागवलं, कारण त्याखाली त्याचं पोट सुरक्षित होतं. तुझ्या त्या तुकड्यावर गल्ली हसली तेव्हा तोही हसला होता. निंगव्वाला तेवढं वाईट वाटलं.

वाईट मला वाटत होतं. मला ते झोपू देत नव्हतं. म्हणून मी त्याला न विचारता तुला लिहिलं आणि पोटभर जेवलो.

तो परवा शेडवर आला. मी घाम पुसत उभा, आणि त्यानं आधी पिशवीतून शाल काढून माझ्या अम्माला दिली. "ठिवा. आमच्याकडं उन्हाळ्यात काय करू हिचं." मग चपला काढल्या. तीन नंबर चालू होता, बीमवरचं शेवटचं सूत संपवत. दोन नंबर आदल्या दिवशी गेला होता. कोपऱ्यातल्या ड्रमवरचा टॉवेल त्यानं उचलला, झटकला, घडी घातली आणि बसला.

त्यानं आजोबांचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. एक ठोका चुकला नाही. मी गिटार घेतली नाही, मला ती कुठं आहे हेसुद्धा आठवेना. बाबा खुर्चीतून उठून दारात आले, आजोबा यायचे तिथं. मग त्यानं दुसरं गाणं धरलं. ते अर्ध्यात असताना भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी आला आणि वायरमननं खटका ओढला. चन्नवीरचा हात वर होता तो तसाच राहिला. त्यानं काठी खाली आणली नाही, मांडीवर ठेवली.

"गेला व्हय?" म्हणाला.

मी मान हलवली.

"बिडप्पा," तो कन्नडमध्ये म्हणाला. "सोड. लई वर्सं चालला."

माणसं आत आली, नटांना पाने लावायला लागली. आम्ही दोघं बीमच्या ओंडक्यावर बसलो. त्यानं सांगितलं, निंगव्वाला कसं सांगायचं ते ठरवतोय, मैंदर्गीला जाऊन काय करायचं तेही बघतोय, तितं एक बी माग न्हाय. मी 'हं हं' करत होतो. मग तो म्हणाला, "एक इचारू? तिला का सांगितलंस?"

आता तुला सगळं लिहिलंच आहे, तर शेवटचंही लिहितो. पुण्याला निघण्याआधी आमचं दोघांचं ठरलं होतं. माग नसेल तिथं, म्हणून मी पूर्ण वेळ त्याच्याकडे तोंड करून वाजवायचं, तो माझ्या उजव्या हाताकडे बघून ताल धरणार. आठ दिवस आम्ही तसा सराव केला, लाइट गेली की. जमत होतं. स्टेजवर पहिलं गाणं तसंच झालं, तू विसरली असशील, पहिलं गाणं चांगलं झालं होतं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या गाण्याला पुढची पोरं उड्या मारायला लागली, कुणीतरी मोबाइल वर धरला, आणि मी लोकांकडे तोंड करून वाजवायला लागलो. मला माहीत होतं माझ्या पाठीमागं काय होतंय. ऐकू येत होतं मला. तरी मी वळलो नाही, कारण ते लोक माझ्याकडे बघत होते. हे त्याला ठाऊक आहे. दहा वर्षांत त्यानं त्याचा एकदाही उल्लेख केला नाही.

तर तो म्हणाला, तिला का सांगितलंस. आणि मी बोलायला लागलो. सगळं बोललो. पुण्याचं बोललो, शपथेचं बोललो, मला झोप येत नव्हती म्हणून तुझी भाकरी मोडली असं म्हणालो, माफ कर म्हणालो. खूप वेळ बोललो. भिंतीवर जिथं पूर्वी आठ मागांचं तेल उडायचं तिथं काळे डाग आहेत, ते मी बघत होतो.

बोलून झाल्यावर त्याचा हात माझ्या खांद्यावर आला.

"काय म्हनलास?" तो म्हणाला. "तोंड हिकडं करून बोल की."

माग उचलून नेईपर्यंत मी त्या भिंतीकडेच बघत बसलो. तो थोडा वेळ थांबला, मग चपला घालून गेला.

यज्ञेश्वर